पदवीपेक्षा झाडू मोठा मानणारा पारनेरचा सेनापती

पुण्यातल्या सेनापती बापट रोडवर तुम्ही गेला असालच. मॉल, काचेची ऑफिसं, महागडी कॉफी. मुंबईतही त्यांच्या नावाचा मार्ग आहे आणि तिथे जुन्या गिरण्यांच्या जागी मॉल उभे आहेत. पण ज्याच्या नावाने ही खरेदी चालते तो माणूस आपल्या नगर जिल्ह्यातला, पारनेरचा, हे किती जणांना ठाऊक आहे?

पांडुरंग महादेव बापट. जन्म 12 नोव्हेंबर 1880. घरची गरिबी, डोकं मात्र तल्लख. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शिष्यवृत्तीवर ते थेट एडिंबरोला इंजिनीअरिंग शिकायला गेले. आजच्या भाषेत सांगायचं तर लाइफ सेट! पण ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीर बोलले आणि शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या शिकले आणि 1908 मध्ये भारतात परतले. पुढे काही वर्षं भूमिगत राहणं, मग अटक, मग सुटका.

सुटल्यावर त्यांनी काय केलं? पारनेरला येऊन पहाटे हातात झाडू घेतला आणि गावचे रस्ते झाडायला लागले. त्या काळी हे काम जातीला बांधलेलं होतं. विलायतेत शिकून आलेला ब्राह्मणाचा पोरगा रस्ता झाडतोय म्हटल्यावर गाव चक्रावणारच. पण कुठलंही काम हलकं नसतं, हे त्यांनी भाषण न देता दाखवून दिलं.

मग आलं मुळशी. मुंबईला आणि तिथल्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटा कंपनी मुळा-नीला संगमावर धरण बांधत होती आणि मावळ्यांची भातशेती, घरं, देवळं पाण्याखाली जाणार होती. 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. बापट त्यात उतरले आणि लोकांनी त्यांना ‘सेनापती’ केलं. ते पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. शेवटी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली म्हणून सात वर्षांची शिक्षा झाली. 1931 मध्ये सुटले, तोवर गावं बुडाली होती. लढा हरला होता.

हरला, पण एक प्रश्न मागे ठेवून गेला. एकाच्या सुखसोयीची किंमत दुसऱ्याने का मोजायची, आणि तीही त्याला न विचारता? मुळशीच्या पाण्यावरची वीज आजही मुंबईला जाते. सेलमध्ये घेतलेला तिसरा शर्ट, वर्षभरात बदललेला मोबाइल, यांची किंमत फक्त ईएमआयमध्ये मोजून भागत नाही. ती कुणाची तरी जमीन असते, कुणाचं तरी पाणी असतं.

बापट थांबले नाहीत. गोवामुक्तीच्या सत्याग्रहात उतरले तेव्हा ते पंचाहत्तरीच्या घरात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही ते होतेच. 28 नोव्हेंबर 1967 रोजी ते गेले.

नोकरी करू नका, पगार घेऊ नका, असं कुणी म्हणत नाही. घरचं कर्ज फेडायचंय, बहिणीचं शिक्षण आहे, हे सगळं खरंच आहे. पण प्लेसमेंटच्या रांगेत उभं राहताना पॅकेजचा आकडा विचारून झाला की आणखी एक गोष्ट विचारा. माझ्या या कामाने कुणाचं भलं होणार आहे आणि कुणाचं काही बुडणार तर नाही ना? उत्तर लगेच मिळालं नाही तरी चालेल. बापटांना ते शोधायला सगळं आयुष्य लागलं.