दरबाराबाहेरचा गवई

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्मदिन आणि स्मृतिदिन ऑगस्ट महिन्यात अवघ्या तीन दिवसांच्या अंतराने येतात. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे जन्मलेला हा पुरुष २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत निवर्तला. संगीत विद्यालयांतून त्यांच्या तसबिरीला हार घातले जातात, भजने होतात. परंतु आजच्या एकाकी कलावंताला त्यांच्या चरित्रातील जो भाग सर्वाधिक उपयोगी, त्याची चर्चा क्वचितच होते. गाणे लोकांपर्यंत कसे न्यावे, त्याचे मोल कसे मागावे आणि ते मागताना मान ताठ कशी ठेवावी, हा तो भाग होय.

वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. लहानपणी शोभेच्या दारूने विष्णूच्या डोळ्यांना इजा झाली आणि शालेय शिक्षण खुंटले. उपचारासाठी मिरजेस आणलेल्या या मुलाला संस्थानिकांचा आश्रय लाभला आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्यत्वही मिळाले. सुमारे नऊ वर्षे त्याने गुरुगृही कठोर मेहनत केली. पुढे संस्थानाच्या आश्रयात राहून सुखाने आयुष्य काढणे सहज शक्य होते. परंतु १८९६ मध्ये या तरुणाने मिरज सोडली.

हे पाऊल का उचलले गेले, ते समजण्यासाठी त्या काळचा गवयाचा दर्जा ध्यानात घेतला पाहिजे. गाण्याला मान होता, गाणाऱ्याला नव्हता. दरबारात त्याची गणना आश्रितांत होई. सुशिक्षित कुटुंबे त्याला घराच्या उंबऱ्यापासून दूर ठेवीत. बिदागी किती मिळावी हे यजमानाच्या लहरीवर अवलंबून असे. विष्णु दिगंबरांना डाचत होते ते हेच परावलंबन.

बडोद्यामार्गे ते सौराष्ट्रात गेले आणि तेथे त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्या काळी मात्र ती लहानसहान क्रांतीच होती. तिकिटामुळे गाण्याचे मोल आधीच ठरले आणि ते सर्वांना सारखे लागू झाले. ते देणाऱ्या कारकुनाला वा दुकानदाराला कोणाच्या निमंत्रणाची वाट पाहावी लागली नाही, आणि गवयालाही मुजरा करण्याचे कारण उरले नाही. राजाश्रयाची जागा लोकाश्रय घेऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली अशी भ्रमंती करीत ते पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोरमध्ये त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. परक्या भाषेचा प्रांत, भाड्याची जागा आणि आरंभी अत्यल्प विद्यार्थी, अशी स्थिती होती. तरीही संस्था तगली, कारण तिच्यामागे एक विचारपूर्वक रचलेली योजना होती. जलशांतून पैसा आणि श्रोते मिळत. त्या श्रोत्यांच्या घरांतून विद्यार्थी येत. विद्यार्थ्यांसाठी स्वरलिपीतील पुस्तके लागत. ती छापण्यासाठी स्वतःचा छापखाना उभा राहिला. ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक निघाले. निवडक विद्यार्थ्यांना निवास व भोजन देऊन दीर्घ मुदतीच्या कराराने उपदेशक म्हणून तयार केले जाई, म्हणजे एका गुरूचे कार्य गावोगावी पसरावे. स्त्रियांसाठीही शिक्षणाची दारे उघडली. स्वतःच्या नावाचा डंका पिटण्यापेक्षा ऐकणारा वर्गच घडवावा, हे या खटाटोपाचे मर्म होते.

या यशाची किंमतही मोजावी लागली, हे नाकारता येत नाही. सभ्य घरांत गाणे शिरावे म्हणून शृंगारिक चिजांचे शब्द बदलले गेले, भक्तीचा रंग गडद झाला. पुस्तकी शिक्षणाने गळ्यातली खोली येत नाही, हा आक्षेपही निराधार नव्हता. ज्या मुसलमान उस्तादांच्या घराण्यांतून ही विद्या आली, त्यांना या नव्या मध्यमवर्गीय व्यवस्थेत पुरेसे स्थान मिळाले नाही, हे शल्य तर आजही उरले आहे.

१९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. तेथे कर्ज काढून विद्यालयाची भव्य वास्तू बांधण्यात आली, आणि येथेच गणित चुकले. जलशांचे उत्पन्न अनिश्चित, व्याज मात्र निश्चित. १९२० नंतरच्या काही वर्षांत ती वास्तू कर्जापायी लिलावात गेली. ज्याने गाण्याला स्वतःच्या पायावर उभे केले, त्याचेच छप्पर गेले. यानंतर पंडितजींचे मन रामनामात रमले आणि नाशिकचा आश्रम हे त्यांचे विश्रांतिस्थान झाले. तरीही ताठा गेला नव्हता. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्षांनी गायनाला हरकत घेतली असतानाही त्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हटलेच.

वास्तू गेली, पण माणसे राहिली. त्यांच्या निधनाच्याच वर्षी, १९३१ मध्ये, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बा. र. देवधर या शिष्यांनी गुरूचे कार्य निरनिराळ्या शहरांत नेले. दगडविटांत गुंतविलेले भांडवल बुडाले आणि शिष्यांत गुंतविलेले वाढले, हा या चरित्राचा ताळेबंद आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव, चिखली, मेहकर वा मलकापूर येथे राहून गाण्यावर पोट भरू पाहणाऱ्या तरुणाला तो आज विशेष मोलाचा आहे. आता दरबार उरले नाहीत आणि मोठ्या कंपन्यांची दारे सर्वांना उघडत नाहीत. खिशातल्या मोबाईलने गाणे क्षणार्धात जगभर जाते. पण जगाने ऐकले म्हणजे गावाने ओळखले असे नव्हे, आणि वाहवा मिळाली म्हणजे मोबदला मिळाला असेही नव्हे. अशा तरुणाने शाळेच्या सभागृहात लहानशी का होईना, तिकिटाची मैफल करावी. ती वेळेवर सुरू करावी. चार मुलांना नेटाने शिकवावे. मिळकतीचा हिशेब ठेवावा आणि कर्जाचा डोलारा उभारू नये. शिक्षकांनी व पालकांनी त्या मैफलीला फुकट प्रवेशाची अपेक्षा न धरता तिकीट काढून जावे. गायकाला घरच्या समारंभात आग्रहाने गावयास लावायचे आणि निरोप देताना केवळ नारळ हाती ठेवायचा, ही रीत विष्णु दिगंबरांनी झुगारली त्याला सव्वाशे वर्षे लोटली. ती अद्याप आपल्या घरांतून गेलेली नाही.