कपडेपटातला गंधर्व

आमचे शिवणकामाचे दुकान बेंबळीत आहे. वडील झंपर बेततात; मी कॉलेजातून परत आलो की हुक लावतो, तुरपाई करतो. हल्ली बायका मोबाईलवर एखाद्या मालिकेतल्या नायिकेचा फोटो दाखवतात आणि अशीच बाही हवी म्हणून सांगतात. वडील फोटो जवळ नेऊन पाहतात, मान डोलावतात आणि टेप उचलतात. ती बाही मुळात कोणी बेतली हे ना त्या बाईला ठाऊक असते, ना वडिलांना. हा प्रश्न डोक्यात घोळत असतानाच ग्रंथालयातल्या एका पुस्तकात मला एक जुने छायाचित्र दिसले. नऊवारी नेसलेली, नाकात नथ, केसांत फुले माळलेली एक घरंदाज स्त्री. खाली नाव होते नारायण श्रीपाद राजहंस. म्हणजे आपले बालगंधर्व!

बालगंधर्व म्हटले की सारे जण गाण्याविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. पण मी पडलो शिंप्याचा मुलगा. मला आधी कापड दिसते, सूर मागाहून ऐकू येतो. तेव्हा वाचकहो, त्यांच्या आयुष्यात मी कपडेपटाच्या दारानेच शिरणार आहे.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व ही पदवी दिली. पुढे कानाचे दुखणे जडले, आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना उपचारासाठी मिरजेला पाठवले. त्या काळी किर्लोस्कर नाटक मंडळी अडचणीत होती. तिचे नामवंत गायक नट भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले होते आणि स्त्री भूमिका गाजवणारा तसा माणूस मिळत नव्हता. १९०५ साली नारायणराव त्या मंडळीत दाखल झाले आणि शकुंतला होऊन रंगभूमीवर उभे राहिले. कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे तेव्हा कोणाला खपणारे नव्हते. स्त्री पार्ट पुरुषच करीत.

नाटकाच्या कपड्याचा साधा हिशेब असा, की लांबून झगमगले म्हणजे झाले. मागच्या रांगेतल्या माणसाला जर खरी आहे की खोटी हे कळत नाही. आमच्याकडे गॅदरिंगला भाड्याने येणारे शालू याच हिशेबाचे असतात. बालगंधर्वांना हा हिशेब मान्य नव्हता. त्यांना खरा शालू लागे, खरी पैठणी लागे, आणि अत्तरही उंची लागे. अत्तराचा वास प्रयोगाच्या वहीत नोंदला जात नाही, त्याचे तिकीटही लावता येत नाही. तरीही ते लागे. खऱ्या कापडाला स्वतःचे वजन असते. त्याच्या निऱ्या वेगळ्या पडतात, पदर वेगळा ओघळतो आणि नेसणाऱ्याची चालही त्याने बदलते. हे शिंप्याला कळते. त्यांनाही कळत असले पाहिजे, असे मला फार वाटते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. भामिनीचा शृंगार करून ते उभे राहिले आणि गायले. ही गोष्ट नेहमी निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यातले रंगपटातले अर्धा-पाऊण तासच दिसत राहतात. आरसा समोर आहे, एकेक दागिना अंगावर चढतो आहे, फुले माळायची आहेत, आणि घरात पोर गेलेले आहे. ते बरोबर वागले का, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

१९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्या साथीने त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. आता कपडेपट त्यांच्या हातात आला. १९१६ च्या 'स्वयंवर'मधली त्यांची रुक्मिणी पाहायला बायका येत त्या गाण्यासाठी आणि नेसण्यासाठीही. पदर कसा घ्यावा, अंबाडा कसा घालावा, फुले कुठे खोवावीत, हे पाहून जात आणि घरी आरशासमोर करून बघत. मराठी घरातल्या लेकीसुना कशा दिसाव्यात हे काही वर्षे एका पुरुषाच्या अंगावर ठरत होते! यात गंमत आहे, तशी टोचणीही आहे. ज्या बाईला रंगमंचावर येण्याची बंदी, तिनेच प्रेक्षागृहात बसून बाईपण कसे मिरवावे याचा धडा पुरुषाकडून घ्यायचा. पण तो धडा नुसता लादलेला होता असेही म्हणवत नाही. ते स्वतःही बायकांना बारकाईने न्याहाळूनच शिकले असणार.

पॅरिसमध्ये त्याच सुमारास पॉल प्वारे नावाचा वेशकार होता. बायकांना घट्ट कॉर्सेटमधून सोडवणाऱ्यांत त्याचे नाव घेतात. तोही नाटकवेडा, उधळा, आणि अखेरीस कफल्लक. १९२९ साली त्याचे दुकान बंद पडले आणि १९४४ साली तो दारिद्र्यात मेला. पण प्वारे निदान कपडे विकत तरी होता. बालगंधर्वांनी एक लुगडे कधी विकले नाही. त्यांच्या छबीवर माल खपवणारे व्यापारी होते. यांच्या वाट्याला कापडाचे बिल तेवढे आले.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. रामगणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला त्यांचे 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. शालूंसाठी ख्यात असलेला हा नट दारुड्याची बायको सिंधू होऊन फाटके, ठिगळाचे लुगडे नेसून जात्याशी बसला. लोक रडले. जरीपेक्षा हे धाडस मोठे. गिऱ्हाईक ज्याच्यासाठी येते तेच काढून घ्यायचे आणि तरी त्याला खिळवून ठेवायचे!

हे मी आजीला सांगितले, छायाचित्रेही दाखवली. आजी जन्मभर इरकली लुगडे आणि खणाची चोळी वापरत आली. शालूचा फोटो पाहून ती म्हणाली की नेसलाय झ्याक, पण असं नेसून खुरपायला बसता यायचं नाही. सिंधूचे ऐकल्यावर तिने लुगडे नेमके कुठे फाटले होते ते विचारले. लुगडे विरते ते बसायच्या जागी. मग तेवढा भाग कापून दोन्ही तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणे म्हणतात, हे तिने मलाच शिकवले. पुणे-मुंबईच्या वेशभूषेच्या त्या वैभवात आमच्या मराठवाड्यातली कष्टकरी बाई कुठे नव्हती, हे तिच्या त्या एका प्रश्नाने माझ्या लक्षात आले.

पुढचा भाग उताराचा आहे. १९२० च्या 'द्रौपदी'तल्या मयसभेवर अफाट खर्च झाला. १९२१ साली मंडळीवर लाखाच्या वर कर्ज निघाले. ते त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले आणि वर्षानुवर्षे प्रयोग करून फेडले. पण हात आखडला नाही. मंडळीतल्या पंगती आणि वादकांची बिदागी तशीच चालू राहिली. तबल्याला थिरकवाँसाहेब होते, सारंगीला कादरबक्ष. हिशेबाच्या बाबतीत हा माणूस बेफिकीर होता, हे त्यांच्या भक्तांनीही कबूल करावे. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियाच स्त्रियांची कामे करू लागल्या. बोलपटही आला. १९३५ साली 'धर्मात्मा' बोलपटात बालगंधर्व एकनाथ झाले. आयुष्यभर पैठणी नेसलेला नट पैठणच्या संताच्या वेशात पडद्यावर आला! १९३८ पासून गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत स्त्री भूमिका करू लागल्या. उतारवयात पाय अधू झाले. १९६४ साली पद्मभूषण मिळाले आणि १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या जन्मदिनी पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तिथे देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन चित्रे आहेत, एक पुरुषवेशातले, दुसरे स्त्रीवेशातले.

यंदाच्या स्नेहसंमेलनात मी सिंधूचा जात्यावरचा प्रवेश केला. भाड्याचे पातळ आले होते. ते बाजूला ठेवून आजीचे दंड घातलेले लुगडे नेसलो. निऱ्या तिनेच घालायला शिकवल्या होत्या. मी आत येताच शिट्ट्या सुरू झाल्या. पुढेही काही दिवस एस.टी.त मला एका नावाने हाक मारली जात होती, ते इथे लिहीत नाही. शिट्ट्या मधे थोड्या थांबल्या, मग पुन्हा झाल्या. घरी आल्यावर आजीने लुगडे उलगडून दिव्यापाशी धरले. दंडाची शिवण वीतभर उसवली होती. वडिलांनी न बोलता मशीनवरचे अर्धवट झंपर बाजूला काढले आणि मला जागा करून दिली.