भास्कराचार्य : एका प्रश्नाची दोन उत्तरे

आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु वरूडच्या वर्गात गणिताचा तास मोकळा असला की मुलांना एक प्रश्न घालतो : ज्या संख्येचा वर्ग २५ ती संख्या कोणती? पाच, हे उत्तर एकमुखाने येते. उणे पाच क्वचितच कुणाला आठवते. अशा वेळी आम्ही भास्कराचार्यांची ओळख करून देतो.

त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मधला. सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ सिद्ध केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग होत.

बीजगणितात त्यांनी स्पष्ट केले, की धन आणि ऋण या दोन्ही संख्यांचा वर्ग धनच येतो. म्हणून धन संख्येला दोन वर्गमुळे असतात, ऋण संख्येला मात्र एकही नसते. ऋण म्हणजे कर्ज. शेतमजुराच्या मुलाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पुढे त्यांनी वानरांची उदाहरणे दिली. कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात रमला, उरलेले १२ टेकडीवर दिसले. तर एकूण वानर किती? ४८ आणि १६, दोन्ही उत्तरे खरी. दुसऱ्या उदाहरणात पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला, एक वानर फांदीवर दिसला. येथे ५० आणि ५ ही उत्तरे येतात. पण ५ चा पाचवा भाग एक. त्यातून तीन वानर वजा कसे होणार? म्हणून हे दुसरे उत्तर त्यांनी सकारण त्यागले.

त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. मात्र ही विद्या संस्कृतात होती आणि त्या भाषेची दारे आमच्या पूर्वजांना बंद होती. सात शतकांनंतर बाबासाहेबांनाही शाळेत संस्कृत नाकारले गेले. त्यांनी फारसी घेतली. लीलावतीचे फारसी भाषांतर मात्र अकबराच्या दरबारातील फैझीने १५८७ मध्येच केले होते.

आज आमच्या वसतिगृहातील मुले-मुली तीच वर्गसमीकरणे मराठीत सोडवतात. आम्ही त्यांना एवढेच सांगतो : दोन्ही उत्तरे काढा, दोन्ही पडताळून पाहा, आणि एखादे टाकाल, तर का टाकले तेही वहीत लिहा.