वस्तूंवर जीव जडलेला चित्रकार

सर्रिअ‍ॅलिस्ट चित्रकार म्हटले की डोळ्यांसमोर साल्वादोर दाली उभा राहतो. वर वळवलेल्या मिशा, १९३१ सालच्या चित्रातली वितळणारी घड्याळे आणि कवी पॉल एल्युआरचा संसार सोडून त्याच्याकडे आलेली गाला! आपल्या मराठी मुलखात या वाटेच्या जवळून गेलेले प्रभाकर बरवे अगदी निराळे. त्यांचे प्रेम मला त्यांच्या चित्रांतच सापडते. घड्याळ, झाडाचे पान, सेफ्टी पिन, लिफाफा अशा साध्यासुध्या वस्तूंवर ते जडले होते.

बरवे यांचा जन्म १९३६ साली अलिबागजवळच्या नागावचा. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे शिल्पकार करमरकर त्यांच्या नात्यातले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले शिक्षण १९५९ साली संपले आणि १९६१ पासून विणकर सेवा केंद्राची नोकरी सुरू झाली. या नोकरीने त्यांना काशीला नेले. विणकरांसाठी नक्षी काढायची आणि उरल्या वेळात स्वतःचे चित्र रंगवायचे. तिथे तंत्रमार्गातली चिन्हे त्यांच्या कामात शिरली. मुंबईला परतल्यावर ती हळूहळू मागे पडली आणि रोजच्या वस्तू पुढे आल्या. रंगही दाराखिडक्यांना लावतात ते, एनॅमलचे! १९७६ साली त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दालीचे घड्याळ वितळते, बरव्यांचे शाबूत राहते. बदलतो तो त्याचा शेजार. आम्हा भोर-वेल्ह्याकडच्यांना हे चटकन उमगावे. उन्हाळ्यात भाटघर धरणाचे पाणी ओसरले की वेळवंड खोऱ्यात कांबरेश्वराचे देऊळ वर येते. दगड तेच, पण भोवती नुसता भेगाळलेला गाळ. ओळखीचे देऊळ क्षणात स्वप्नातले वाटू लागते. बरव्यांच्या चित्रापुढे मला नेमके असेच होते.

ते रोजनिशीत सतत विचार टिपून ठेवत. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे पुस्तक चित्र सुचण्याच्या आधीच्या त्या रिकाम्या जागेविषयी बोलते. ६ डिसेंबर १९९५ रोजी, साठीही गाठण्याआधी, ते गेले. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात त्यांची चित्रे आणि रोजनिशीची पाने एकत्र मांडली गेली.

लिफाफा आपण फोडतो आणि टाकून देतो. बरवे त्याच्यापाशी थांबले. नोकरी सांभाळून, गाजावाजा न करता, एवढ्या थांबण्यासाठी त्यांनी सारे आयुष्य दिले. प्रेम याहून वेगळे काय असते?