चित्रकार गंगाराम तांबट

गंगाराम चिंतामण तांबट हे पेशव्यांच्या काळातले पुण्याचे चित्रकार होते. त्याला आता दोनशेहून जास्त वर्षे झाली. तेव्हा सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि नाना फडणवीस कारभार बघायचे.

तांबट म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणारे. पुण्यात तांबट आळी अजून आहे. पण गंगाराम यांचे नाव भांड्यांमुळे नाही, चित्रांमुळे राहिले.

पुण्यात इंग्रजांचे वकील मॅलेट साहेब राहायचे. त्यांना गंगाराम यांचा हात आवडला. त्यांनी गंगाराम यांना चित्रांचे काम दिले. पेशव्यांनीही मदत केली आणि शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा निघाली. तिथे जेम्स वेल्स नावाचे चित्रकार शिकवायचे. ते स्कॉटलंडहून आलेले होते.

१७९० साली गंगाराम यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. १७९५ साली पर्वतीची टेकडी रंगवली. त्या चित्रात देवळे आहेत आणि वर इंद्रधनुष्य आहे. वेरूळची लेणी पण त्यांनी काढली. आणि मला सगळ्यात आवडते ते म्हणजे, ते आपल्या मावळात कार्ल्याला आले होते!

तेव्हा रेल्वे नव्हती. बोरघाटातली रेल्वे १८६३ साली झाली. कॅमेरा पण नव्हता. लेणी लांबच्या लोकांना दाखवायची तर हातानेच काढावी लागायची. कार्ल्याचे मोठे लेणे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. ते ४५ मीटर लांब आहे. छताला लाकडाच्या कमानी आहेत, खांबांवर हत्ती बसलेत. चैत्रात एकवीरा आईच्या जत्रेला खूप गर्दी असते. लोक दर्शन घेतात अन् लगेच खाली उतरतात. गंगाराम मात्र तिथे बसून बघत राहिले असतील, कारण बघितल्याशिवाय चित्र येत नाही. त्यांनी तिथला एक साधू काढला आणि त्याच्याबरोबर स्वतःलाही काढले.

१७९५ साली वाईट झाले. सवाई माधवराव वारले, मग वेल्सही वारले. शाळेचे दोन आधार एकाच वर्षात गेले. १७९८ साली मॅलेट साहेब विलायतेला गेले. गंगाराम यांची चित्रेही साता समुद्रापार गेली. आता त्यातली बरीच अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहेत. चित्रे तिकडे आहेत, पण कार्ल्याचा डोंगर आपल्याकडेच आहे.

आमचे आजोबा म्हणतात की चित्रं काढून पोट भरत नाही. पण गंगाराम यांचं काम चाललं होतं, कारण कुणीतरी पाठीशी होतं. मला वाटतं, चित्रकाराला कागद आणि रंग लागतात तसा आधार पण लागतो. गंगाराम यांना पेशवे आणि मॅलेट साहेब मिळाले. आम्हाला आमचे आईवडील आहेत.

म्हणून हे वाचणाऱ्या पालकांना विनंती आहे की, मुलांना एक रंगपेटी घेऊन द्यावी. कार्ल्याचं चित्र आम्ही काढू.

– इयत्ता चौथी