कावसजी नायगमवाला : एक वेधशाळा आणि तिचा वारसा

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला चंद्रावरची विवरे समजावून सांगण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. लोणारच्या काठावर त्याला उभे केले की पुरे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने बसाल्ट खडकात कोरले गेले आहे, आणि चंद्राचे काळसर सपाट प्रदेशही बसाल्टचेच आहेत. परंतु चंद्रावर लोणारएवढे विवर असेल, तर ते आपल्या शाळेच्या लहान दुर्बिणीतून जेमतेम एक ठिपका म्हणून दिसेल. हे अंतर आणि ही सूक्ष्मता विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता यावी, एवढ्याच हेतूने २००९ साली, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्षाच्या निमित्ताने, आम्ही एक खटाटोप केला होता. संगणकाला जोडायचा एक स्वस्त वेबकॅम घेतला, त्याचे पुढचे भिंग फिरवून काढून टाकले, फोटोच्या रोलची प्लॅस्टिकची डबी बूड कापून त्याच्या तोंडावर चिकटवली, आणि दुर्बिणीची नेत्रिका काढून त्या जागी ती डबी बसवली. डबीचा घेर नेत्रिकेच्या सव्वा इंची नळीत नेमका बसतो. डोळ्याच्या जागी कॅमेऱ्याचा प्रकाशग्राही तुकडा आला, आणि दुर्बिणीने गोळा केलेली चंद्राची प्रतिमा थेट त्याच्यावर पडू लागली.

डोळ्याच्या जागी यंत्र बसवण्याची ही युक्ती नवी नाही. पुण्यात शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने आपले सारे आयुष्य तिच्यासाठी वेचले. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगमवाला. त्यांचे चरित्र या स्मरणिकेत सांगावे, असे मला वाटण्यामागे एक कारण आहे. ते ओघात येईलच.

कावसजींचा जन्म १८५७ सालचा, पारशी कुटुंबातला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८७८ मध्ये ते भौतिक व रसायन या विषयांत एम.ए. झाले आणि पुढे त्याच महाविद्यालयात प्रायोगिक भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्या काळात या देशात विज्ञान शिकवणे म्हणजे बहुतांशी पुस्तकातील मजकूर सांगणे. उपकरणे थोडी, आणि असलेली उपकरणे काचेच्या कपाटात. कावसजींना हे मान्य नव्हते. निसर्गाला प्रश्न विचारायचा तर हातात साधन हवे, ही त्यांची धारणा होती.

संधी आली ती १८८२ साली. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी महाविद्यालयाला भेट दिली आणि वर्णपटशास्त्राच्या प्रयोगशाळेसाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. वर्णपटशास्त्र त्या वेळी नवे होते. प्रकाश लोलकातून गेला की त्याचे रंग वेगळे होतात, आणि त्या रंगपट्टीतील रेषांवरून तो प्रकाश देणाऱ्या पदार्थात कोणती मूलद्रव्ये आहेत हे ओळखता येते. सूर्यावर किंवा ताऱ्यावर न जाता त्याच्या घडणीचा ठाव घेण्याचा हा एकमेव मार्ग होता. कावसजी सल्लामसलतीसाठी इंग्लंडला गेले. तेथील खगोलशास्त्रज्ञांशी झालेल्या चर्चेनंतर प्रयोगशाळेच्या योजनेचे रूप बदलले आणि तिच्या जागी वेधशाळा उभी करण्याचे ठरले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबले पाहिजे. याच १८८२ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले हंटर आयोगापुढे बहुजनांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मिळावे म्हणून निवेदन देत होते. एकीकडे ताऱ्यांची घडण तपासण्याची तयारी चालली होती, तर दुसरीकडे लाखो मुलांच्या हाती पाटी द्यावी की नाही याचा वाद अजून मिटलेला नव्हता. कावसजींच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु ज्या समाजात ती वेधशाळा उभी राहिली, त्या समाजाची वीण कशी होती, हे लक्षात ठेवल्यावाचून तिची पुढची कहाणी उमगत नाही.

वेधशाळा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या परिसरात, १८८८ मध्ये सिद्ध झाली. महाराज तख्तसिंहजी वेधशाळा असे तिचे नाव. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली वीस इंची आरशाची परावर्ती दुर्बीण हे तिचे वैभव होते. पुढची कित्येक दशके भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती. त्या दुर्बिणीच्या नाभीशी कावसजींनी डोळ्याऐवजी वर्णपटदर्शक बसवला. पाहणाऱ्याने पाहावे, थक्क व्हावे आणि निघून जावे, यासाठी ती वेधशाळा नव्हती. तेथे मोजणी होत असे.

त्यांच्या कामाची कसोटी लवकरच लागली. सर नॉर्मन लॉकियर हे त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ. सूर्याच्या वर्णपटात हेलियमची रेषा ओळखणाऱ्यांपैकी ते एक. आकाशातील तेजोमेघ हे एकमेकांवर आदळणाऱ्या अशनींचे थवे आहेत, असे त्यांचे मत होते. त्याला आधार म्हणून तेजोमेघांच्या वर्णपटातील ठळक हिरवी रेषा तापलेल्या मॅग्नेशियमच्या संयुगापासून येते, असे ते मानत. तसे असते, तर ती रेषा एका कडेला अस्पष्ट, पसरट दिसली असती. कावसजींनी मृग नक्षत्रातील तेजोमेघावर दुर्बीण रोखली, वर्णपट शक्य तितका ताणून पाहिला, आणि १८९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला: रेषा प्रत्येक परिस्थितीत रेखीवच राहते. लॉकियर यांच्या मताला हा प्रतिकूल पुरावा होता. ती रेषा कशाची, हे कोडे पुढे १९२७ साली सुटले. अतिविरळ वायूतील, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती खूण निघाली. कावसजींचे निरीक्षण बरोबर ठरले. पारतंत्र्यातील देशाचा एक प्राध्यापक केवळ पुराव्याच्या बळावर साम्राज्याच्या राजधानीतील मान्यवराशी मतभेद नोंदवतो, ही घटना लहान नाही. सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपल्या शाळेत आपण नेहमी सांगतो. तिचे आचरण वेधशाळेत कसे होते, याचे हे उदाहरण आहे.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. आज सोलापूर जिल्ह्यात असलेल्या जेऊर येथे कावसजींनी तळ ठोकला. अमेरिकेतील लिक वेधशाळेची तुकडीही त्याच परिसरात आली होती. काळ कठीण होता. मुंबई इलाखा प्लेगने ग्रासलेला होता. क्रांतिज्योती सावित्रीबाई आदल्या वर्षीच पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या होत्या. अशा दिवसांत जड यंत्रे आणि काचेच्या प्लेटा घेऊन माळावर उतरायचे, आणि साऱ्या तयारीचे फळ पदरात पडणार ते अवघ्या दोन मिनिटांत! चंद्राची सावली आली. ग्रहणाच्या भीतीने कोणी दारे लावून घेतली असतील, कोणी स्नानाला निघाले असतील. त्याच वेळी जेऊरच्या माळावर सूर्याच्या प्रभामंडलाची आणि वर्णपटाची छायाचित्रे टिपली जात होती. डोळ्याने पाहिलेले पाहणाऱ्याबरोबर जाते. प्लेटवर उतरलेले मात्र दुसऱ्याला तपासता येते. छायाचित्राचे मोल यातच आहे. या मोहिमेचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

एवढे मोठे काम करणाऱ्या या वेधशाळेचे पुढे काय झाले? १९१२ मध्ये कावसजी निवृत्त झाले, आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे कोडाईकनालच्या सौर वेधशाळेकडे रवाना झाली. ती दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली. परंतु सूर्याचा अभ्यास हेच ज्या संस्थेचे मुख्य काम, तेथे रात्रीच्या आकाशासाठी घडवलेली ही दुर्बीण दुय्यमच राहणार होती. कावसजी १९३८ साली निवर्तले. निवृत्तीनंतरची सव्वीस वर्षे त्यांनी पुण्यात आपली वेधशाळा नसल्याचे पाहिले.

चोवीस वर्षे चाललेली संस्था एका माणसाच्या निवृत्तीने का संपावी? दुर्बीण मोडली नव्हती, आकाश कुठे गेले नव्हते. उणीव होती ती तिचा भार पुढे उचलणाऱ्या माणसांची. ज्या समाजात बहुसंख्य मुलांना शाळेचा उंबरठाच वर्ज्य होता, तेथे असा वारस निपजण्याचा वाव किती अरुंद होता, हे उघड आहे. ज्या एल्फिन्स्टनमध्ये कावसजी शिकले आणि शिकवते झाले, तेथेच १९०८ मध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाचा विद्यार्थी दाखल झाला. त्यालाही एका संस्थानिकाचे, बडोद्याच्या सयाजीरावांचे साहाय्य लाभले. परंतु बाबासाहेबांनी मिळालेली विद्या स्वतःपुरती ठेवली नाही. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, मग मुंबईचे सिद्धार्थ, औरंगाबादचे मिलिंद: त्यांनी विद्येचे वारस घडवणाऱ्या संस्था उभ्या केल्या. म्हणूनच त्यांच्या पश्चातही ते काम थांबले नाही.

आता या चरित्राचे निमित्त सांगतो. आमच्या वेबकॅममधून २००९ साली चंद्र उतरला तो दिवस मला आठवतो. दुर्बिणीला चालवणारे यंत्र नव्हते. चंद्र मिनिटभरातच चौकटीबाहेर सरकत असे, आणि एक मुलगा सावकाश दुर्बीण ढकलत असे. हवेच्या हालचालीने प्रतिमा पाण्याखालच्या खड्यासारखी थरथरे. मुलींच्या गटाने चित्रफितीतील शेकडो चौकटींतून स्थिर तेवढ्या निवडल्या, संगणकावर त्या एकमेकींवर बसवल्या, आणि कोपर्निकस विवराच्या पायऱ्यांसारख्या कडा स्पष्ट उमटल्या. ते छायाचित्र बरेच दिवस फलकावर होते. ती तुकडी दहावी होऊन गेली. पुढच्या तुकडीला ते कसब शिकवण्याची व्यवस्था मी केली नाही. गेल्या वर्षी प्रयोगशाळेचे कपाट आवरताना डबी चिकटवलेला तो कॅमेरा सापडला. प्रकाशग्राही तुकड्यावर धूळ साचली होती. पुण्याच्या वेधशाळेचे जे झाले, तेच लहान प्रमाणात माझ्या हातून घडले होते.

आता वरच्या वर्गाने खालच्या वर्गाला तो कॅमेरा जोडायला शिकवायचा, आणि शिकवल्याशिवाय किल्ली सोडायची नाही, असा नियम आम्ही घातला आहे. त्या पहिल्या तुकडीतील माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या शुक्ल अष्टमीला शाळेत यावे, ही विनंती. अर्ध्या चंद्रावर त्या रात्री सावल्या लांब पडतात आणि विवरे सर्वात उठून दिसतात. दुर्बीण अंगणात मांडलेली असेल. ती ढकलायची कशी, हे लहानांना तुमच्याइतके नीट कोण सांगणार?