सोन्याचा लाल रंग

सोने म्हटले की पिवळा रंग डोळ्यांपुढे उभा राहतो. सराफाच्या कसोटीवर उमटणारी रेघ पिवळी, देवाच्या मुकुटाची झळाळी पिवळी. परंतु हेच सोने पुरेसे सूक्ष्म केले, तर ते माणकासारखे लाल दिसते. युरोपातील काचकारांना सोन्याने काच लाल होते हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. ती लाल का होते, या प्रश्नाचा प्रयोगशाळेत नेटाने पाठपुरावा केला तो मायकेल फॅराडे याने. विजेच्या शोधांमुळे जगाला परिचित असलेल्या या शास्त्रज्ञाच्या आयुष्यातील हे उत्तरपर्व फारसे सांगितले जात नाही. म्हणूनच ते सांगावेसे वाटते.

फॅराडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगतच्या न्यूइंग्टन बट्स येथे एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शाळा लाभली ती लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणीकाराकडे उमेदवारीला राहिला आणि बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचूनच शहाणा झाला. १८१२ साली हंफ्री डेव्हीची व्याख्याने ऐकून त्याने त्यांची टिपणे काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीलाच पाठविली. १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. पुढे १८३१ साली चुंबकापासून वीजप्रवाह निर्माण करण्याचे तत्त्व त्याने शोधून काढले. आपल्या घरात आज जो दिवा लागतो, त्यामागील जनित्र याच तत्त्वावर फिरते.

एवढे यश पदरी पडल्यावर दुसरा एखादा स्वस्थ बसला असता. फॅराडेची प्रकृती खालावली होती, स्मरणशक्ती तर कित्येक वर्षे दगा देत होती. अशा स्थितीत, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, १८५६ च्या प्रारंभी, त्याने सोने हाती घेतले. सोन्याचा वर्ख प्रकाशलहरींच्या लांबीहूनही पातळ करता येतो आणि त्यातून पलीकडे येणारा प्रकाश हिरवा दिसतो. इतक्या पातळ धातूवर प्रकाश पडला म्हणजे नेमके काय घडते, हे त्याला पाहावयाचे होते. असे पापुद्रे करताना धुवणाचे पाणी किंचित तांबूस झाल्याचे त्याच्या ध्यानी आले. ते पाणी त्याने फेकून दिले नाही.

सोन्याच्या क्षाराच्या द्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून त्याने माणकाच्या रंगाचा द्रव सिद्ध केला. दिसावयास तो स्वच्छ. पण त्यातून प्रकाशाचा झोत सोडताच झोताची वाट उजळून दिसे. म्हणजे सोने विरघळलेले नव्हते, कणरूपाने तरंगत होते. त्यात मीठ टाकताच लाल रंग निळा होई. कणांच्या आकारमानाप्रमाणे रंग पालटतो, धातू मात्र सोनेच राहतो, असे अनुमान त्याने काढले. सूक्ष्मदर्शकात ते कण दिसत नव्हते, तरीही. जिलेटिनमध्ये सोने मिसळून त्याने लाल जेलीही केली. जिलेटिन हे निसर्गाचेच पॉलिमर. त्याच्या लांब साखळ्या कणांना एकमेकांस चिकटू देत नाहीत, म्हणून रंग टिकतो. धातूचे कण पॉलिमरच्या पातळ पडद्यात बसवून प्रकाश गाळणाऱ्या आजच्या संशोधनाचे हे पूर्वरूपच म्हणावे लागेल.

५ फेब्रुवारी १८५७ रोजी रॉयल सोसायटीपुढे त्याने हे सारे मांडले आणि या निष्कर्षांचे मोल सध्या मोठे नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली. नियमाचे गणित १९०८ साली गुस्टाव्ह मी याने मांडले. कणातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकसाथ हेलकावतात. मिलिमीटरच्या लाखाव्या-पन्नास हजाराव्या भागाएवढा सोन्याचा कण त्या भरात हिरवा प्रकाश गिळतो आणि उरलेला लाल आपल्यापर्यंत पोहोचतो. गर्भचाचणीच्या किंवा २०२० नंतर घरोघर पोहोचलेल्या कोविडचाचणीच्या पट्टीवर उमटणारी लाल रेघ पुष्कळदा अशाच सुवर्णकणांची असते.

फॅराडेने सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपदही स्वीकारले नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो निवर्तला. त्याने केलेल्या लाल द्रवाच्या कुप्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेल्या आहेत.

संशोधनाला पैसा देताना त्याचा उपयोग काय, हा प्रश्न हल्ली सर्वांत आधी विचारला जातो. प्रश्न गैर नाही; जनतेच्या पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण १८५७ साली तो फॅराडेला विचारला असता, तर त्याला प्रामाणिकपणे काहीच सांगता आले नसते. दसऱ्याला आपट्याच्या पानाला सोने मानून ते हाती देणाऱ्या आपल्या समाजाला मोल आणि किंमत यांतला फरक वेगळा शिकवावा लागू नये. आपल्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तांबूस झालेले धुवणाचे पाणी फेकून न देण्याइतकी सवड आणि मोकळीक आपण विद्यार्थ्यांना देतो काय, याचा विचार मात्र झाला पाहिजे.